'पर्यंत'मध्ये अडकलेले दोन कंटेनर

एप्रिल नुकताच लागला होता. मस्जिद बंदरहून फोन आला. स्टीलची भांडी परदेशी पाठवणाऱ्या एका छोट्या कंपनीचे मालक बोलत होते, ओळखीच्या ओळखीतून माझा नंबर मिळालेला. "मॅडम, आमच्या एक्स्पोर्टच्या मुलीचं इंग्रजी जरा बघाल का? तिच्या एका मेलपायी साठ पेट्या विमानानं पाठवायला लागल्यात. डबे, मॅडम, डबे! डब्यापेक्षा भाडं महाग."

मी दादरला संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग घेते. असे फोन नवीन नाहीत. कुठे पैसे बुडाले की लोकांना व्याकरण आठवतं, आणि "तिचे टेन्स पक्के करून द्या" अशी मागणी होते. मी एवढंच म्हटलं, की आधी मला मेल दाखवा. तो एकच नको, वर्षभराचे सगळे, छापून.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लाकडी जिन्याचं. भिंतीला लागून मसाल्याचे डबे, पोह्यांचे डबे, आत बसणाऱ्या पातेल्यांचे संच रचलेले. कारखाना भाईंदरला. इथे तीनच टेबलं: मालकांचं, हिशेब बघणाऱ्या काकूंचं आणि त्या मुलीचं. मुलगी बदलापूरहून येते, शाळा मराठी माध्यमाची, या नोकरीत पाचवं वर्ष. मी गेले तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मेलचा गठ्ठा तिनंच तारखेवार लावून ठेवला होता. त्यावरूनच कळलं, की ही मुलगी निष्काळजी नाही.

गोष्ट अशी घडली होती. इंग्लंडमधल्या एका घाऊक व्यापाऱ्याची ऑर्डर होती, वीस फुटी दोन कंटेनरची. २४ फेब्रुवारीला तिकडच्या खरेदी मॅनेजरनं माल कधी निघतोय असं विचारलं. हिनं कारखान्यात फोन केला. सुपरवायझर म्हणाले, "वीस मार्चपर्यंत पाठवू." हिनं लगेच लिहिलं: "वुई विल डिस्पॅच द गुड्स टिल २० मार्च."

त्याचं उत्तर आलं: "ग्रेट, प्लीज सेंड द डिटेल्स ॲज दे गो."

दोघंही खूश. मार्चच्या सतराला भाईंदरला दोन्ही कंटेनर भरले, न्हावा शेवाला वेळेत गेटच्या आत गेले, जहाज सुटलं आणि बीएलवर, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीवर (बिल ऑफ लेडिंग), तारीख पडली २१ मार्च. हिनं कागद पाठवले. २ एप्रिलला तिकडून मेल: पहिला लॉट कुठवर आलाय? हिला कळेना, कसला पहिला लॉट? सगळा माल एकाच जहाजावर आहे, असं हिनं कळवलं, आणि तिकडे आग लागली. त्यानं एका दुकानाच्या साखळीला एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात काही माल द्यायचं कबूल केलं होतं. जहाज पोचायलाच एप्रिल संपणार. शेवटी मालकांनी शिल्लक मालातून साठ पेट्या सहारहून विमानानं पाठवल्या, निम्मं भाडं त्यांनी सोसलं, निम्मं त्यानं.

मालकांचं म्हणणं, तो गोरा लबाड आहे. मुलीचं म्हणणं, माझंच चुकलं असणार, पण कुठे ते कळत नाही. ते वाक्य तिनं मला तीनदा वाचून दाखवलं. "मॅडम, मी लिहितानाच तपासलं होतं. लाल रेघसुद्धा आली नव्हती."

येणारच नव्हती. कारण वाक्य व्याकरणात अगदी बरोबर आहे. फक्त ते तिला म्हणायचं होतं ते वाक्य नाही. ते दुसरंच एक, तितकंच धडधाकट वाक्य आहे. 'टिल २० मार्च' म्हणजे वीस तारखेपर्यंत ते काम चालू राहणार आणि वीसला थांबणार. म्हणजे त्या माणसानं वाचलं ते असं: माल टप्प्याटप्प्यानं निघतोय, शेवटचा टप्पा वीस मार्चला. आणि त्यानं तसं वाचायला आधारही होता. ऑर्डर दोन कंटेनरची, आणि एलसीमध्ये, म्हणजे पैशांची हमी देणाऱ्या बँकेच्या पत्रात, पार्शल शिपमेंटला, माल तुकड्यांनी पाठवायला, परवानगी. म्हणून तर त्यानं 'ॲज दे गो' लिहिलं: जसजसे निघतील तसतसे कळवा. हिनं ते वाचलं, 'निघाले की कळवा'. गंमत अशी, की दोघांनी एकमेकांना होकार दिला आणि दोघांच्या डोक्यात वेगवेगळा मार्च महिना होता. नकार आला असता तर बरं झालं असतं, निदान कुणीतरी फोन उचलला असता.

हवा होता तो शब्द 'बाय'. 'बाय २० मार्च': वीस उजाडून मावळायच्या आत केव्हातरी, एकदाच, काम उरकलेलं असेल.

आता हा घोळ मराठी माणसाच्या हातून का होतो? मालकांना वाटत होतं, तिचं इंग्रजी कच्चं म्हणून. मला तसं वाटत नाही. तिचं मराठी पक्कं आहे म्हणून होतो. 'पर्यंत' हा आपला एकच शब्द दोन्ही कामं करतो. "शुक्रवारपर्यंत पाठवतो" आणि "शुक्रवारपर्यंत थांबतो", दोन्हीकडे तोच. तरी आपला कधी घोटाळा होत नाही, कारण फरक आपण क्रियापदावर टाकलेला असतो. पाठवणं एका क्षणात होतं, थांबणं ताणलं जातं. आणि पाठवणंच जर ताणायचं असेल तर आपण सरळ "पाठवत राहू" म्हणतो. मराठीत ओझं क्रियापदानं उचललेलं असल्यामुळे 'पर्यंत'ला काही ठरवावं लागत नाही. इंग्रजीनं तेच ओझं त्या दोन-तीन अक्षरांच्या शब्दावर ठेवलंय. मग आपण इंग्रजी लिहिलं आणि मनात परत मराठी करून तपासलं, की चूक दिसतच नाही. 'टिल' लिहा नाहीतर 'बाय' लिहा, उलटं वाचलं की दोन्हींचं 'पर्यंत'च होतं. तिनं तीनदा वाचूनही तिला काही सापडलं नाही ते याच्यामुळे. शंभरदा वाचलं असतं तरी सापडलं नसतं.

पण मग चार वर्षं कसं निभावलं? हा प्रश्न मालकांनी विचारला, आणि रास्त होता. गठ्ठा चाळला तर तिचे बहुतेक 'टिल' असेच निघाले: "वुई विल सेंड सॅम्पल्स टिल मंडे", "प्लीज पे द बॅलन्स टिल मंथ एंड". कधी काही बिघडलं नव्हतं. उत्तर समोरच्या बाजूच्या मेलमध्ये होतं. या कंपनीचा जुना ग्राहक हँबुर्गचा. तो लिहायचा: "प्लीज कन्फर्म अनटिल फ्रायडे." म्हणजे त्याला म्हणायचं असायचं शुक्रवारच्या आत, आणि हिला कळायचंही नेमकं तेच. जर्मन भाषेत 'बिस' म्हणून शब्द आहे, तो अगदी आपल्या 'पर्यंत'सारखा: मुदतीलाही तोच, ताणालाही तोच. भाईंदरचे डबे चार वर्षं हँबुर्गला वेळेवर जात होते ते दोन चुकांच्या भरवशावर. दोघं इंग्रजीत लिहीत होते, एक मनातून जर्मन बोलत होता, दुसरी मराठी, आणि छान जमत होतं. इंग्लंडचा ग्राहक नवा, पहिलीच मोठी ऑर्डर. या सगळ्या व्यवहारात पहिल्यांदाच असा कुणीतरी आला ज्याला इंग्रजी शब्द इंग्रजीतच कळत होता.

हे ऐकून मुलगी पहिल्यांदा हसली. मालक हसले नाहीत, त्यांच्यासमोर विमानाचं बिल होतं.

मी तिला नियमांची वही दिली नाही. 'बाय' मुदतीला आणि 'टिल' कालावधीला, हे तिनं शाळेत पाठ केलेलंच होतं, विचारलं तर घडाघडा म्हणून दाखवलं. लिहिताना ते आठवत नाही, एवढंच. तिला मराठीतच काहीतरी हवं होतं, कारण विचार मराठीत होतो. म्हणून म्हटलं, "अगं, वाक्य मराठीत म्हण आणि क्रियापदाला 'राहू' लावून बघ."

"वीस मार्चपर्यंत पाठवत राहू," ती म्हणाली, आणि थांबली. "पण असं नव्हतं म्हणायचं. एकदाच पाठवणार होतो."

"मग बाय."

नंतर तिनं स्वतःच सुरू केलं. "मी सहापर्यंत ऑफिसात आहे. ऑफिसात राहीन. बरोबर आहे. टिल. मी सहापर्यंत पोचेन. पोचत राहीन?" काकू तिकडून म्हणाल्या, "तू रोजच पोचत राहतेस, मध्य रेल्वे आहे ती." तर 'राहू' लावून अर्थ तसाच राहिला तर 'टिल', बिघडला तर 'बाय'. पंधरा मिनिटांत तिनं अख्ख्या गठ्ठ्यातल्या 'टिल'वर पेन्सिलनं खुणा केल्या. एका ठिकाणी अडली: "अनटिल यू डोन्ट कन्फर्म, वुई विल नॉट लोड." तिथे वेगळंच भूत आहे. आपण म्हणतो, "जोपर्यंत तुम्ही कन्फर्म करत नाही तोपर्यंत भरणार नाही", दोन्हीकडे 'नाही'. इंग्रजीत 'अनटिल'च्या पोटातच तो पहिला नकार असतो, वर आणखी एक घातला की वाचणारा चक्रावतो. पण चक्रावला तर विचारतो तरी. हे वाक्य मला 'टिल'इतकं धोक्याचं वाटत नाही.

मालकांना मात्र आता सगळ्याच मेलचा संशय यायला लागला होता. त्याच इंग्रजाचा एक मेल त्यांनी काढला. पुढच्या ऑर्डरबद्दल लिहिलं होतं, की आमचा ॲडव्हान्स तीस टक्के आहे, तो "रिड्यूस टू १० पर्सेंट" करा. "हिनं मला सांगितलं, दहा टक्केच देणार म्हणतोय. ते दहानं कमी करा, म्हणजे वीस, असं तर नसेल ना?"

मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "नाही सर. बाय असतं तर दहा टक्क्यांनी. इथे टू आहे. दहा टक्क्यांवर."

अचूक. आणि हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तीसवरून दहा 'टक्क्यांनी' उतरले तर वीस उरतात, दहा 'टक्क्यांवर' उतरले तर दहा. हा फरक मराठीत आधीच दोन वेगळ्या प्रत्ययांत बसलेला आहे, त्यामुळे इंग्रजीतले दोन शब्द आपापल्या खणात जाऊन पडतात. वीस वर्षांत 'रिड्यूस्ड बाय' आणि 'रिड्यूस्ड टू' यांत गोंधळलेला मराठी विद्यार्थी मला क्वचित भेटलाय. 'टिल' आणि 'बाय'मध्ये न गोंधळलेलाही तितकाच क्वचित. आपल्याकडे दोन शब्द आणि त्यांच्याकडेही दोन, तिथे आपण पडत नाही. आपला एक आणि त्यांचे दोन, तिथेच खड्डा. हे खड्डे मोजके आहेत. क्लासमध्ये मात्र आम्ही मास्तर मंडळी 'डिस्कस अबाउट' आणि 'रिक्वेस्ट फॉर'वर लाल शाई संपवतो. तो 'अबाउट' काढा नाहीतर ठेवा, एकही कंटेनर उशिरा पोचणार नाही. 'इन द ट्रेन' म्हणा, 'ऑन द ट्रेन' म्हणा, सव्वाआठची गर्दी तीच. 'सिन्स थ्री डेज' कानाला टोचतं, पण कळतं. मी तिचे असले सगळे 'गुन्हे' सोडून दिले. एक 'इन' तेवढा पकडला. "वुई विल रिप्लाय इन टेन डेज" असं तिनं लिहिलं होतं, मनात "दहा दिवसांत", म्हणजे दहाच्या आत केव्हाही. वाचणारा त्याचा अर्थ 'दहा दिवसांनी' असाही करू शकतो. तिथे 'विदिन' घालून मोकळं व्हावं.

उरलेला वेळ काकूंनी घेतला. त्यांचं दुखणं पैशाचं होतं, त्यामुळे मला तेच जास्त रंगतदार वाटलं. पैसे मिळायच्या मुदतीबद्दल एलसीत लिहिलं होतं, "६० डेज फ्रॉम बिल ऑफ लेडिंग डेट". काकूंनी कालनिर्णयवर बोट ठेवून दिवस मोजले होते, २१ मार्च हा पहिला, आणि १९ मेवर गोल केला होता. मी म्हटलं, "काकू, वीस."

"कसं काय? एकवीसपासून म्हणजे एकवीस धरूनच ना? सोमवारपासून दुकान बंद, असं म्हटल्यावर सोमवारी काय उघडं असतं?"

बिनतोड मुद्दा. मराठी 'पासून' पहिला दिवस पोटात घेतो. रोजच्या इंग्रजीत 'फ्रॉम मंडे'सुद्धा सोमवार धरतं. पण एलसीचे व्यवहार चालतात ते पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या नियमांवर. त्यांची सध्याची आवृत्ती यूसीपी ६००, १ जुलै २००७ पासून लागू (इथे 'पासून'मध्ये एक जुलै धरलाय, काकू!). तिच्या तिसऱ्या कलमात या बारक्या शब्दांना चक्क बांधून घातलंय. माल पाठवायचा कालावधी सांगताना 'टू', 'अनटिल', 'टिल', 'फ्रॉम', 'बिट्वीन' हे शब्द आले तर दिलेली तारीख धरायची, 'बिफोर' आणि 'आफ्टर' आले तर सोडायची. आणि पैशाची मुदत सांगताना 'फ्रॉम' आणि 'आफ्टर' आले तर दोन्हींमध्ये तारीख सोडायची. म्हणजे एकाच कागदावर तोच 'फ्रॉम' वरच्या ओळीत पहिला दिवस धरतो आणि खालच्या ओळीत सोडतो. तिथेच 'ऑन ऑर अबाउट'लाही माप आहे: दिलेल्या तारखेच्या पाच दिवस आधीपासून पाच दिवस नंतरपर्यंत, दोन्ही टोकं धरून. 'सुमारास' या शब्दाला कुणी असं फूटपट्टीनं मोजलेलं मी मराठीत पाहिलेलं नाही.

आपल्या देशातल्या कायद्यालाही हे करावं लागलंय. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या नवव्या कलमात म्हटलंय, की केंद्रीय कायद्यात पहिला दिवस वगळायला 'फ्रॉम' शब्द पुरे आणि शेवटचा दिवस धरायला 'टू' पुरे. सव्वाशे वर्षं झाली. वकिलांची इतकी भांडणं या दोन शब्दांवरून होणार हे ज्यानं मसुदा केला त्याला ठाऊक असावं.

२१ मार्च सोडून मोजलं: मार्चचे दहा, एप्रिलचे तीस, मेचे वीस. काकूंनी १९ वरचा गोल खोडला नाही, शेजारी दुसरा काढला. "बघू कोण खरं."

जाता जाता मुलीनं एक प्रश्न विचारला, जो मला आवडला. "मॅडम, एफओबी मी रोज लिहिते. त्यातला ओ म्हणजे ऑन ना? हा शब्द कधी चुकला नाही, कारण तो मी कधी वाचलाच नाही." खरंय. 'फ्री ऑन बोर्ड', 'पेमेंट अगेन्स्ट डॉक्युमेंट्स' असली पदं माणसं अख्खी गिळतात, चावत नाहीत, म्हणून चुकत नाहीत. आणि त्या 'ऑन'ला इतिहास आहे. इन्कोटर्म्सच्या (खरेदी-विक्रीतल्या अशा अटींचे आंतरराष्ट्रीय नियम) २००० सालच्या आवृत्तीपर्यंत एफओबीमध्ये मालाची जोखीम विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जायची ती माल जहाजाच्या कठड्यापलीकडे गेला की. क्रेनला लोंबकळणारी पेटी कठड्याच्या अलीकडे पडली तर नुकसान आपलं, पलीकडे पडली तर त्याचं. २०१० च्या आवृत्तीनं कठडा काढून टाकला. आता माल जहाजा'वर' ठेवला गेला पाहिजे, तोवर जोखीम विकणाऱ्याची. मुलीनं हे वहीत टिपून घेतलं, बहुतेक मला बरं वाटावं म्हणून.

मालकांना मी एकच बदल सुचवला, आणि तो इंग्रजीचा नव्हता. कारखान्यातून निरोप येतो त्यात 'पर्यंत' आला, की हिनं उलट विचारायचं: एकदम की टप्प्यानं? सुपरवायझरला पहिल्या आठवड्यात याचा राग आला. त्याला वाटलं, पोरगी हिशेब मागतेय.

पैसे २० मेला आले. काकूंचा फोन मला आला नाही, मुलीचा आला. काकू बोलायला तयार नव्हत्या.

ऑगस्टमध्ये तिनं एक मेल मला पुढे पाठवला. हँबुर्गचं ऑफिस सुट्टीवर चाललं होतं, आणि त्या भल्या माणसानं लिहिलं होतं: "अवर ऑफिस इज क्लोज्ड अनटिल १८ ऑगस्ट." खाली तिची ओळ. "मॅडम, 'राहू' लावून बघितलं. बंद राहील. म्हणजे अनटिल बरोबर आहे. पण अठराला उघडं की बंद?"

मी ते दोनदा वाचलं. मग लिहिलं, "त्यालाच विचार."